विषयवार की तारीखवार

ताई,

तुला जाऊन महिना झाला. जलदानविधीला आलेली माणसं आपापल्या गावी गेली, खालापूरच्या तुझ्या बहिणीही गेल्या, आणि घरात रोजची कामं पुन्हा सुरू झाली. आपलं भांडण मात्र अर्धवटच राहिलं. म्हणून लिहायला बसले आहे. तू समोर असतीस तर मला दुसरं वाक्य पुरं करू दिलं नसतंस. आज सलग बोलता येईल, एवढाच काय तो फायदा.

आपण कशावरून भांडायचो ते बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. दोन जावांचं भांडण म्हटलं की लोकांना दागिना आठवतो, शेताचा तुकडा आठवतो, नाहीतर सासू कुणाच्या बाजूची हे आठवतं. आपण भांडलो ते अभ्यासाच्या कागदांवरून. पानं विषयाप्रमाणे लावायची की तारखेप्रमाणे, यावरून. आणि तेही वर्षानुवर्षं, अगदी इरेला पेटून.

मी लग्न होऊन कळंबजवळच्या या घरात आले, तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. नेरळच्या माहेराहून दोन बॅगा आणल्या होत्या, एकीत साड्या आणि दुसरीत नोट्स. तू घरातली मोठी सून. माझे थोरले दीर, दादा, माथेरानला हॉटेलच्या स्वयंपाकघरात, पंधरवड्यातून एकदा खाली उतरायचे. शेत, गोठा, आईंचं पथ्यपाणी आणि अंगावरची लेक तन्वी, सगळं तूच ओढत होतीस. तू स्वतः नववीतून शाळा सोडलेली. माझ्या मनात धाकधूक होती, की ही बाई मला पुस्तक उघडू देईल का? मी कॉलेजला निघाले की भांडी आपटेल का?

आठवडाही झाला नव्हता. आईंनी चांगलं ऊन बघून अंगणात सुकट पसरली, आणि सुकटीखाली माझी अर्थशास्त्राची पानं. मी दारात उभी राहून बघत होते. नवी नवरी, बोलणार काय? तेवढ्यात तू डोक्यावर गवताचा भारा घेऊन आलीस. भारा तिथंच टाकलास.

"आई, हे कागद कुणाचे?"

"असतील कसलेतरी. रद्दी हाय."

"रद्दीवर कुणी हातानं एवढं लिवतं होय?"

तू उकिडवी बसलीस आणि एकेक पान सुकटीखालून काढायला लागलीस. प्रत्येक पान झटकायचं, पदरानं पुसायचं, फुंकर मारायची. मग मान वर करून मला म्हणालीस, "उभी काय ऱ्हायलीस गं? ये. कुठलं पान कुठल्या मागं, ते मला काय कळतंय?" त्या वर्षी मागणी आणि पुरवठा या प्रकरणाला परीक्षेपर्यंत सुकटीचा वास येत होता. मला त्या वासानंच ते प्रकरण पाठ झालं, असं मी पुढे शिक्षिका झाल्यावर शाळेतल्या मुलींना सांगितलं तर त्या पोट धरून हसल्या.

त्याच संध्याकाळी तू भांड्यांच्या मांडणीसमोर जाऊन उभी राहिलीस. स्टीलची ती मांडणी म्हणजे आईंचा जीव. वर डबे, मधे ताटं, खाली तांब्या-पेल्यांची रांग, आणि सगळं राखेनं घासून लख्ख. आलेल्या बाईनं पहिलं तिकडंच बघायचं. तू खालची रांग उतरवलीस, तांबे पेले पोत्यात भरलेस आणि पोतं माळ्यावर चढवलंस.

"हा कप्पा हिचा. हिथं हिचे कागद ऱ्हातील. कुणी हात नाय लावायचा."

"लोक आले तर काय म्हंतील?" आईंचा आवाज चढला. "भांड्याच्या जागी कागुद?"

"म्हंतील, ह्यांची सून शिकती. म्हनू द्या की."

आई दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. तू जेवायला वाढत राहिलीस, त्या जेवत राहिल्या, आणि कप्पा माझा झाला. मी तुला तोवर अहो-जाहो करत होते. "तुमचे फार उपकार झाले," असं काहीतरी पुस्तकी बोलले. तू म्हणालीस, "तुमचे-बिमचे काय गं? मी काय हेडमास्तरीन हाय? ताई म्हन आणि तू म्हन." त्या दिवसापासून तू माझी तूच झालीस.

मला त्या कप्प्याचं मोल तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. सासरी माझ्या नावाची ती पहिली जागा. मी तिथे नीट फायली लावल्या. अर्थशास्त्राची निळी, मराठीची पिवळी, इतिहासाची लाल. प्रत्येक फायलीत पहिल्या पानावर अनुक्रमणिका. कॉलेजातून आल्यावर चहाच्या आधी त्या दिवसाची सुटी पानं जागेवर लावायची, हा माझा नेम. तू चुलीशी बसून बघायचीस. "चा गार होतोय. आधी पी, मंग तुझी पूजा कर," असं म्हणायचीस. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, नेरळला शाळेत लागले. माझ्या त्या शिस्तीचा मला अभिमान होता आणि आजही आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी हार मानली. मी मानलेली नाही.

मग एका पावसाळ्यात, भाताची लावणी उरकल्यावर, तू हात पुसत माझ्याजवळ आलीस.

"प्रज्ञा, मला पन त्या मांडणीत एक कप्पा पायजे."

"कशाला?"

"दहावीला बसते."

मी इतकी आनंदले की मी तुझा हात धरून नाचले आणि आईंच्या शिव्या खाल्ल्या. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तुझ्यासाठी नेरळहून फायली आणल्या, प्रत्येक विषयाची वेगळी. तू त्या उलटसुलट करून बघितल्यास आणि तन्वीला चित्रं ठेवायला देऊन टाकल्यास.

तुझी तऱ्हाच वेगळी. तन्वीच्या जुन्या वह्यांतली कोरी पानं तू फाडून घ्यायचीस. त्यावर त्या दिवशी जे काही शिकलीस ते सगळं एकामागून एक. वर एक गणित, खाली इंग्रजीचे शब्द, पाठीमागे शरीरातल्या हाडांची आकृती. माथ्यावर तारीख. महिना संपला की सगळी पानं जुन्या लुगड्याच्या काठानं बांधायची, गड्डी कप्प्यात. मी बघून हबकले.

"ताई, परीक्षा विषयाची असते. तारखेची नसते. गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी काय करशील? अख्खं वर्ष उपसशील?"

"अगं, पन मी शिकते तर रोजच्या रोजच ना? सकाळी गनित, दुपारी इंग्रजी. तसंच्या तसं ठेवलं की मला सगळं आठवतं. पान बघितलं की तो दिवस दिसतो."

"दिवस दिसून काय करायचंय? सूत्र दिसलं पाहिजे."

"तुला सूत्र दिसतं. मला दिवस दिसतो."

हे असं. भाकऱ्या थापताना, शेताच्या बांधावर, रिसॉर्टला भाजी द्यायला निघालो की रस्त्यात. एकदा त्या रिसॉर्टच्या मॅनेजरनं विचारलं, "मावशी, कशावरून एवढं?" तू म्हणालीस, "फायलिंग." त्याला वाटलं कोर्टाचं काहीतरी आहे, आणि त्यानं घाईनं भाजी मोजून घेतली.

पण सराव परीक्षेच्या वेळी तुझी फजिती झाली, हे तुला कबूल करावंच लागेल. उद्या बीजगणित, आणि वर्गसमीकरणाचं सूत्र लिहिलेलं पान सापडेना. तू सगळ्या गड्ड्या सोडल्यास. ओटीवर पानंच पानं. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, तरी पान मिळेना. तू त्या पानांच्या मधोमध मांडी घालून बसलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुला रडताना कधी बघितलं नव्हतं. दादांच्या पायावर उकळतं तेल सांडलं होतं तेव्हाही तू रडली नव्हतीस.

"माझ्याच्यानं नाय व्हनार हे. घरातलं सगळं मला जागच्या जागी सापडतं, आणि हे सापडत नाय. वय झालं माझं."

"वय-बिय काही नाही. पद्धत चुकली."

"परत तेच?"

"परत तेच. पण थांब."

तन्वी कोपऱ्यात स्केचपेनं घेऊन चित्र काढत होती. मी तिच्याकडून पेनं घेतली. मी तुला म्हटलं, तुझी पानं तारखेनंच राहू देत. फक्त प्रत्येक पानाच्या कडेला, जिथं ज्या विषयाचं लिहिलं असेल तिथं, त्या रंगाची रेघ ओढू. गणिताला लाल, विज्ञानाला हिरवी, इंग्रजीला निळी. गड्डी बाजूनं बघितली की लाल रेघा दिसतील, तेवढीच पानं उपसायची. तू डोळे पुसलेस आणि लगेच एक पान ओढलंस. आपण तिघी रेघा ओढत बसलो. आईसुद्धा आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तू पान दाखवून रंग सांगितलास की त्या बरोबर रेघ ओढायच्या. वर्गसमीकरणाचं पान आईंनाच सापडलं. मेथीची जुडी त्यावर ठेवली होती.

तू दहावी पास झालीस. गणितात काठावर, मराठीत माझ्यापेक्षा जास्त. निकालाच्या दिवशी दादा माथेरानहून चिक्की घेऊन आले आणि गावभर वाटत फिरले. आणि तू काय केलंस? परीक्षेपुरती विषयवार काढलेली सगळी पानं पुन्हा तारखेप्रमाणे लावलीस आणि काठांनी बांधलीस.

"परीक्षा झाली. आता परत माझं माझ्याकडं."

मी कपाळावर हात मारला. तू हसत होतीस.

रेघांची कल्पना माझी होती. ती माझ्या बाजूची की तुझ्या, हे कधी ठरलं नाही. तू म्हणायचीस, "शेवटी पानं तारखेनंच ऱ्हायली ना?" मी म्हणायचे, "शेवटी शोधलं विषयानंच ना?" आता माझ्या शाळेतल्या नववीच्या मुली तशाच रेघा ओढतात. त्यांच्या दप्तरातून चुरगळलेले कागद निघाले की मी त्यांना तुझ्या ओटीवरच्या त्या पसाऱ्याची गोष्ट सांगते. त्यांना वाटतं मी मनानं रचलेली आहे.

तन्वीचं सगळं मोबाईलमध्ये. कर्जतच्या कॉलेजातून आली की फळ्याचे फोटो, नोट्सचे फोटो, ग्रुपवर आलेल्या पीडीएफ. तू विचारलंस, "मोबाईल पान्यात पडला तर?" ती म्हणाली, "आणि तुझे कागद पडले तर?" तू उठून गड्ड्यांवर प्लास्टिक अंथरलंस. पण यंदा तिच्याच जोडीनं बारावीला बसायचं तू ठरवलं होतंस. तिच्या फोटोंवरून तू पानं लिहून काढायचीस, आणि ती तुझ्याच पानांवरून अभ्यास करायची. मायलेकी एकाच वर्षी बारावीला. गावात ती चर्चाच झाली होती.

मग तो ताप. भाताच्या खाचरात तू रोज गुडघाभर पाण्यात होतीस, टाचेला भेग पडलेली. "अंग मोडून आलंय, एवढंच," म्हणत तू दोन दिवस काढलेस. कळंबच्या डॉक्टरांनी डोळे बघितले आणि कर्जतला न्या म्हणाले, कर्जतहून पनवेलला. लेप्टोचा ताप होता. ज्या पाण्यात आपण जन्मभर उभ्या राहिलो, त्याच पाण्यातून तो आला.

पनवेलला तुझे रिपोर्ट माझ्याकडे होते. मी सवयीनं लावले होते, रक्ताचे एकत्र, लघवीचे एकत्र, एक्स-रे वेगळा. तरुण डॉक्टरीण आली, तिनं फाईल उघडली आणि म्हणाली, "मॅडम, हे सगळं तारखेप्रमाणे लावा ना. कालपासून आजपर्यंत काय बदललं, ते मला ओळीनं दिसलं पाहिजे."

तुझे डोळे पिवळे झालेले, ओठ सुकलेले. तू मान माझ्याकडे वळवलीस. आणि हसलीस, ताई. अगदी ओटीवर बसून हसायचीस तशी.

"ऐकलंस का?" तू म्हणालीस. "शिकलेली हाय ती. डॉक्टर हाय."

मी म्हटलं, "हा दवाखाना आहे. परीक्षा नाही."

"लाव गं. तारखेनं लाव."

मी लावले. तू बघत होतीस. नंतर तुझा श्वास वाढला, तुला आत नेलं, आणि मग आपण बोललो नाही. माझ्याशी तुझं शेवटचं बोलणं कागदांबद्दलच झालं. लोक विचारतात, काही निरोप दिला का, तन्वीचं काही बोलल्या का? मी सांगते, नाही. खरं सांगितलं तर त्यांना वाटेल मी भ्रमिष्ट झाले.

मला बोलायचं होतं ते राहिलं. मी तुला म्हणणार होते, की बरी झालीस की मी एक महिना तुझ्या पद्धतीनं कागद लावून बघते. हे हार मानणं नव्हे. तुझ्या डोळ्यांनी एकदा बघावं, एवढंच. आणि दुसरं, त्याहून साधं. या घरात मला अभ्यास करू देणारी तू होतीस, तू नसतीस तर मी पहिल्याच वर्षी फायली माहेरी नेऊन ठेवल्या असत्या आणि नंतर विसरले असते. आज मी बाई म्हणून वर्गात उभी असते ती तुझ्यामुळे. हे तुला कधी सरळ सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "झालं, आता भाजी निवड."

तन्वी बारावीला बसणार आहे. पहिले काही दिवस ती कॉलेजला गेली नाही. मी तिला जबरदस्ती केली नाही. एका सकाळी ती आपणहून आवरून निघाली, दारात थांबली आणि म्हणाली, "काकू, आईची पानं माझ्याकडे राहू देत. परीक्षेपर्यंत." मी म्हटलं, परीक्षेनंतरही. दादांनी माथेरानची नोकरी सोडली नाही, पण आता दर आठवड्याला खाली येतात. आईंशी बोलत बसतात. आई कमी बोलतात.

आता एक बातमी देते. तू ऐकायला हवी होतीस.

परवा आपल्या आळीतली शैला आली. तीच, जी तू पुस्तक घेऊन बांधावर बसलीस की खिदळायची आणि म्हणायची, "सुमनताई कलेक्टर व्हनार." ती दारात उभी राहिली, हातात पिशवी. मला वाटलं कांदे-बिंदे मागायला आली.

"प्रज्ञाताई, मला दहावीला बसायचंय."

मी तिला आत बसवलं.

"सातवी झालेय मी. सुमनताईनं लावणीच्या टायमाला मला सांगितलं व्हतं, यंदा फॉर्म भर, मी हाय. मी म्हटलं, बघू. आता ती नाय. मंग मी म्हटलं, बघू-बघू करून काय उपेग?"

पिशवीत तिचा शाळा सोडल्याचा दाखला होता, पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला, घडीवर फाटायला आलेला. आम्ही दोघी कर्जतला गेलो. शाळेतल्या क्लार्कनं तिचं वय बघून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हो, फॉर्म यांचाच." फॉर्म भरला. पहिली सही शैलानं एकेक अक्षर काढत केली, दुसरी एका दमात.

तिथूनच जवळच्या दुकानातून तिनं दहावीचं गणिताचं पुस्तक घेतलं. परत येताना मिनीडोर रिक्षात गर्दी, तिला कडेची जागा मिळाली. तिनं पुस्तक मांडीवर उघडलं. पहिलंच उदाहरण घेऊन माझ्याकडे सरकली.

"ह्यो क्ष कोन?"

मी सांगायला लागले. क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेला आकडा. समज, तू बाजारात टोपलीभर काकड्या नेल्यास. वाऱ्यानं पान सारखं उलटत होतं, तर समोरच्या म्हाताऱ्यानं आपला अंगठा त्यावर दाबून धरला. "शिकव, शिकव," म्हणाला, "मला पन ऐकू दे." ड्रायव्हरनं गाणी बंद केली. शैला एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली, मग तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पिशवीतल्या कागदावर स्वतः मांडलं. कळंब येईपर्यंत तिची मान वर झाली नाही.

फाट्यावर उतरलो तेव्हा तिनं कागद माझ्यापुढे धरला.

ताई, उत्तर बरोबर होतं.